शून्य बिल आणि उरलेला खर्च

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड. या भागातल्या कॉलन्यांमध्ये कुठल्याही गच्चीवर चढून पाहा. पाण्याच्या टाकीशेजारी दक्षिणेकडे तोंड करून कललेली काळी-निळी पॅनेलं आता सर्रास दिसतात. घरमालकाला विचारलं की तो कौतुकाने मोबाइलवरचं बिल उघडतो: पूर्वी चार-साडेचार हजार यायचं, आता शे-दीडशे येतं. शेजारी ते ऐकतो, मनातल्या मनात हिशेब करतो आणि पुढच्या महिन्यात त्याच्याही गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा राहतो.

पण या आनंदात एक कोडं दडलेलं आहे. पॅनेल रात्री वीज तयार करत नाही. तरीही त्या घरात रात्री एसी चालतो, फ्रिज चालतो, इन्व्हर्टर चार्ज होतो. ती वीज कुठल्या तरी केंद्रात कोळसा जाळून तयार झाली, मोठ्या वाहिन्यांवरून उपकेंद्रात आली, गल्लीतल्या डीपीतून घरात शिरली. तिचं बिल तर जवळजवळ शून्य आलं. मग पैसे भरले कुणी?

सरकारने भरले असतील, हे पहिलं उत्तर. ते अर्धवट आहे. सरकार पॅनेल बसवायला अनुदान देतं. महिन्याचं बिल भरत नाही. उरलेलं उत्तर शोधायचं तर विजेच्या बिलातल्या एका जुन्या सवयीपर्यंत जावं लागतं.

नेट मीटर नेमकं काय करतं

पॅनेल बसवलं की महावितरण जुनं मीटर काढून नेट मीटर लावतं. त्याच्या छोट्या पडद्यावर आकडे आळीपाळीने सरकत राहतात. त्यातल्या दोनांकडे लक्ष ठेवायचं. तुम्ही बाहेरून किती युनिट घेतलं, हा एक. बाहेर किती युनिट दिलं, हा दुसरा. दुपारी बारा वाजता घरात एक फ्रिज आणि दोन पंखे चालू असतात, छतावर मात्र तीन किलोवॅटचा संच जोरात असतो. वापरून उरलेली वीज तारेवरून बाहेर जाते आणि बहुतेक वेळा दोन घरं पलीकडे कुणाच्या तरी मिक्सरमध्ये संपते. संध्याकाळी उलट होतं. महिनाअखेर घेतलेल्यातून दिलेलं वजा करायचं आणि उरलेल्याचं बिल करायचं, हे नेट मीटरिंग. दिलेलं जास्त झालं तर ते युनिट पुढच्या महिन्यात तुमच्या खात्यावर जमा. आर्थिक वर्षाच्या शेवटीही काही उरलं तर कंपनी ते वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ही पद्धत २०१५ च्या नियमांनी रुजवली. डिसेंबर २०१९ मध्ये नवे नियम आले. त्यांच्या मसुद्यात महिन्याला ३०० युनिटपर्यंतच अशी सरळ वजाबाकी द्यावी आणि वरच्या युनिटना वेगळा, कमी दर द्यावा असं सुचवलं होतं. त्यावर एवढा गदारोळ झाला की अंतिम नियमांत वजाबाकी कायम राहिली. मात्र एक कलम राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. त्याकडे पुढे येऊ.

खरा वेग आला तो २०२४ मध्ये. १९ जानेवारीला पंतप्रधान सोलापुरात आले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक अशा कष्टकऱ्यांसाठी कुंभारीत उभ्या राहिलेल्या रे नगरातली १५,००० घरं त्यांनी त्या दिवशी सुपूर्द केली. तीनच दिवसांनी, २२ जानेवारीला, एक कोटी घरांच्या छतावर सौर संच बसवण्याची घोषणा दिल्लीत झाली. फेब्रुवारीत ती ‘पीएम सूर्यघर: मोफत वीज योजना’ या नावाने सुरू झाली. तरतूद ७५,०२१ कोटींची. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान.

सोलापूरला ऊन शिकवायला नको. मात्र पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याची क्षमता साधारण एक तृतीयांश टक्क्याने घटते. त्यामुळे मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर असताना आपल्याला वाटतं तेवढं पीक छतावर येत नाही. वर्षाची सरासरी धरली तर एक किलोवॅटमागे महिन्याला सुमारे १२० युनिट हा हिशेब महावितरण सांगतं. आपण तोच धरू.

एका युनिटच्या पोटात काय असतं

आता ती जुनी सवय. विजेचं बिल आपण युनिटवर भरतो. शंभर युनिट वापरले तर शंभराचे पैसे. त्यामुळे आपला समज होतो की कंपनीचा खर्चही युनिटवर होत असणार. तो तसा होत नाही.

सोलापूरजवळचंच उदाहरण घ्या. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी-आहेरवाडीजवळ एनटीपीसीचं कोळशावरचं केंद्र आहे. ६६० मेगावॅटचे दोन संच, एकूण १,३२० मेगावॅट. पहिला २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आला. अशा केंद्राकडून वीज घेणाऱ्या वितरण कंपन्या दोन वेगळी बिलं भरतात. एक इंधनाचं: जितकी वीज घेतली तितक्या कोळशाचे पैसे. दुसरं स्थिर आकाराचं: केंद्र बांधायला काढलेल्या कर्जाचा हप्ता, व्याज, घसारा, पगार, देखभाल. केंद्राने ठरलेल्या प्रमाणात, म्हणजे साधारण ८५ टक्के काळ, ‘आम्ही तयार आहोत’ असं दाखवलं की हे दुसरं बिल पूर्ण भरावंच लागतं. वीज घेतली काय, न घेतली काय.

त्यावर वाहिन्या, उपकेंद्रं, खांब, डीपी, रात्री अडीच वाजता जंप तुटल्यावर शिडी घेऊन येणारा वायरमन. यातलं काहीही तुम्ही या महिन्यात दहा युनिट कमी वापरलेत म्हणून स्वस्त होत नाही. थोडक्यात, कंपनीच्या खर्चाचा मोठा भाग ठरलेला आहे आणि कमाईचा मोठा भाग मात्र युनिटवर लटकलेला आहे. घरगुती ग्राहकाकडून स्थिर आकार म्हणून महिन्याला घेतले जातात जेमतेम शे-दीडशे रुपये. बाकीचा ठरलेला खर्च युनिटच्या दरात भरून ठेवलेला असतो.

त्या दरात आणखी एक गोष्ट दडवलेली असते. महाराष्ट्रात वीज सगळ्यांना एका दराने मिळत नाही. कारखाने, दुकानं आणि जास्त वीज वापरणारी घरं खर्चाहून जास्त दर देतात. त्या वरकड पैशातून शेतीपंपाचा आणि कमी वापराच्या घरांचा दर खाली ठेवला जातो. क्रॉस सबसिडी म्हणतात ती हीच. २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार (वीज वाहून आणण्याचा आकार) धरून पहिल्या शंभर युनिटांचा दर ५ रुपये ८८ पैसे होता, १०१ ते ३०० युनिटांना ११ रुपये ४६ पैसे आणि ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे. एकाच तारेतली, एकाच कोळशाची वीज. पण तीनशेच्या वरच्या युनिटला ग्राहक पहिल्या शंभराच्या जवळपास पावणेतीन पट दर मोजत होता.

आता गच्चीवर पॅनेल बसवतो कोण? ज्याचं बिल मोठं आहे तो. आणि पॅनेलचं युनिट वजा होतं कुठून? वरून, सगळ्यात महागड्या टप्प्यापासून. कंपनीच्या दृष्टीने जे युनिट सगळ्यात जास्त कमावून देत होतं, तेच पहिल्यांदा जातं.

चौकट: दोन छतांचा महिन्याचा हिशेब

(२०२४-२५ चे दर, इंधन समायोजन आकार सोडून. एक युनिट कमी खरेदी केल्याने महावितरणचे गळतीसकट चार रुपये वाचतात असं समजण्यासाठी धरलं आहे.)

बंगला: वापर ३५० युनिट, संच ३ किलोवॅट, उत्पादन ३६० युनिट.
पहिले १०० युनिट: ५८८ रुपये
पुढचे २०० युनिट: २,२९२ रुपये
वरचे ५० युनिट: ७८६ रुपये
महावितरणची बुडालेली कमाई: ३,६६६ रुपये
वाचलेली खरेदी: १,४४० रुपये
तूट: २,२२६ रुपये

दोन खोल्यांचं घर: वापर ९० युनिट, संच १ किलोवॅट, उत्पादन १२० युनिट.
बुडालेली कमाई: ५२९ रुपये
वाचलेली खरेदी: ४८० रुपये
तूट: ४९ रुपये

बंगल्याच्या बिलावर राज्य सरकारला १६ टक्क्यांनी मिळणारं सहाशे रुपयांच्या आसपासचं विद्युत शुल्क यात धरलेलं नाही. तेही जवळजवळ सगळं जातं.

हंगामातला कांदा, बिनहंगामी कांदा

चौकटीत प्रत्येक युनिटला चार रुपयांची एकच किंमत लावली. व्यवहारात तसं नसतं, आणि इथे नेट मीटरिंगचा दुसरा पेच आहे.

सोलापूरच्या बाजार समितीत डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते आणि भाव कोसळतो. समजा एखाद्या व्यापाऱ्याने शेतकऱ्याला सांगितलं: आत्ता, मोप कांदा आहे तेव्हा, शंभर किलो माझ्याकडे टाक आणि टंचाईत, भाव चढलेला असेल तेव्हा, शंभर किलो उचलून ने. किलोला किलो. शेतकरी उड्या मारत येईल. व्यापारी पहिल्या वर्षी दोन-चार ओळखीच्यांसाठी हे निभावून नेईल. सगळं गाव रांगेत उभं राहिलं की त्याचं दिवाळं निघेल.

नेट मीटर नेमका हाच व्यवहार करतं. फक्त हंगाम वर्षाचा नसून दिवसाचा असतो. दुपारी एक वाजता राज्यभर सौर वीज उतू जात असते. देशाच्या वीज बाजारात तेव्हा भाव पडतो. मे २०२५ मध्ये अवकाळी पावसाने मागणी घसरली तेव्हा दुपारचा भाव काही काळ शून्याच्या आसपास टेकला होता. संध्याकाळी सात वाजता सूर्य गेलेला असतो, घराघरांत दिवे-टीव्ही-एसी एकदम चालू होतात, आणि त्याच बाजारात भाव कधी कधी युनिटला दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो. बंगल्याच्या मीटरला हे काहीच कळत नाही. त्याच्या लेखी दुपारचं युनिट आणि रात्रीचं युनिट सारखंच.

तांत्रिक डोकेदुखी वेगळीच. कोळशाचं केंद्र स्कूटरसारखं बंद-चालू करता येत नाही. साधारण ५५ टक्क्यांच्या खाली त्याला नेणं अवघड असतं. दुपारी त्याला तिथवर दाबून ठेवायचं आणि सूर्य कलला की दोन-तीन तासांत पुन्हा वर खेचायचं. संच झिजतो, कोळसा जास्त लागतो. कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांनी सौर वीज वजा जाता उरणाऱ्या दिवसभराच्या मागणीच्या आलेखाला ‘डक कर्व्ह’ नाव दिलं, कारण दुपारचं पोट आणि संध्याकाळची मान धरून तो बदकासारखा दिसतो. गल्लीच्या पातळीवरही मर्यादा येते. एका डीपीवर सगळ्यांनीच पॅनेलं बसवली तर दुपारी व्होल्टेज चढतं आणि पॅनेलांचे इन्व्हर्टर आपोआप बंद पडतात. पॅनेल आहे, ऊन आहे, वीज नाही. कॉलनीत पहिला आलेला सुखी आणि शेवटचा आलेला तक्रारखोर, असं काही ठिकाणी व्हायला लागलं आहे.

एक निघाला की दुसऱ्यावर भार

कंपनीची तूट हवेत विरत नाही. नियामक आयोगाच्या पद्धतीत कंपनीचा मंजूर खर्च दरातून वसूल होतो. कमी युनिटवर तेवढाच खर्च वाटायचा म्हटलं की युनिटचा दर चढतो. दर चढला की पॅनेल अजून परवडायला लागतं. आणखी लोक पॅनेल बसवतात. विकली जाणारी युनिटं आणखी कमी होतात. पुन्हा दर. अमेरिकेतल्या वीज कंपन्यांच्या संघटनेने २०१३ मध्ये या धोक्यावर एक अहवाल काढला, आणि तेव्हापासून या भोवऱ्याची चर्चा जगभर आहे.

मला त्या चर्चेत थोडी अतिशयोक्ती वाटते. वीज कंपन्यांना आपला दर वाढवून घ्यायला सौर छतं हे एक सोयीचं कारण मिळालं आहे. वीजचोरी, गळती, महागडे करार यांच्याबद्दल मग कमी बोलावं लागतं. महावितरणचे ग्राहक तीन कोटींच्या घरात आहेत आणि छतावर पॅनेल असलेले त्यातले अजून थोडेच. पण दिशा खोटी नाही, हे शेजारच्या पाकिस्तानात दिसलं. तिथे ग्रिडची वीज महागत गेली आणि लोकांनी २०२४ या एका वर्षात सुमारे १७ गिगावॅटची पॅनेलं चीनमधून आणली. ज्यांना परवडलं ते अर्धेमुर्धे ग्रिडबाहेर गेले, आणि बंद असोत की चालू, सगळ्या केंद्रांचे स्थिर आकार मागे राहिलेल्यांच्या बिलात आले. सरकारला मग छतावरून घेतलेल्या विजेचा दर २७ वरून १० पाकिस्तानी रुपयांवर आणण्याचा प्रस्ताव मांडावा लागला.

जर्मनीने वेगळी चूक केली आणि वेगळा धडा शिकला. २००० च्या कायद्याने तिथे छतावरच्या विजेला वीस वर्षांचा हमीभाव मिळाला. त्याचा खर्च सगळ्या ग्राहकांच्या बिलात अधिभार म्हणून घातला. तो चढत चढत २०१७ मध्ये युनिटला जवळपास सात सेंटवर गेला. भाड्याच्या घरात राहणारा, ज्याला स्वतःचं छतच नाही, तो घरमालकाच्या पॅनेलचे पैसे भरत होता. अखेर जुलै २०२२ मध्ये अधिभार बिलातून काढून सरकारी तिजोरीवर टाकला गेला. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांसाठी युनिटला युनिट ही अदलाबदल बंद केली. बाहेर दिलेल्या विजेला त्या त्या वेळच्या मोलाप्रमाणे भाव मिळतो आणि तो पूर्वीच्या तुलनेत साधारण तीन चतुर्थांशाने घसरला.

प्रश्न पॅनेलचा की छत कुणाचं याचा

चौकटीतल्या दुसऱ्या घराकडे पुन्हा पाहा. तिथे तूट पन्नास रुपयांवरही जात नाही. कारण त्या घराला मुळातच खर्चाहून स्वस्त वीज मिळत होती. जे युनिट विकून कंपनीला फारसं काही मिळत नव्हतं ते विकावं लागलं नाही, तर कंपनीचं फारसं काही बुडत नाही. छतावरची सौर वीज वीज उद्योगाला मारते की तारते, याचं उत्तर बरंचसं त्या छताखाली कोण राहतं यावर अवलंबून आहे. चर्चेत ही गोष्ट सहसा येत नाही.

आणि योजनेचा ओघ वाहिला तो उलट्या बाजूने. अनुदान मिळालं तरी सुरुवातीचे लाख-सव्वा लाख उभे करणारा, स्वतःच्या नावावर घर असलेला, मजबूत स्लॅब असलेला ग्राहक पुढे आला. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे पत्र्याखाली यंत्रमाग धडधडतात आणि घरातल्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, तिथे बिल सात-आठशेच्या वर क्वचित जातं. पॅनेल घेऊन वाचणार किती आणि पत्र्यावर ते बसवणार कसं? रे नगरसारख्या वसाहतीत तर एका इमारतीत अनेक कुटुंबं आणि छत एकच. तिथे सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयांचं अनुदान आहे. पण सामाईक जिन्यातल्या दिव्याने घरातलं बिल कमी होत नाही.

राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ नावाची योजना आणली ती या संदर्भात मला जास्त शहाणी वाटते. शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मिळून पाच लाख ग्राहकांना एक किलोवॅटचे संच द्यायचे, केंद्र सरकारच्या ३०,००० रुपयांवर राज्याने भर घालायची. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला खिशातून अडीच हजारच घालावे लागतात. वरवर पाहता ही गरिबांसाठीची योजना. हिशेबाच्या वहीतून पाहिलं तर ती वीज कंपनीसाठीचीही आहे.

केंद्र सरकारलाही ही तूट माहीत असावी. सूर्यघर योजनेतच वितरण कंपन्यांना प्रोत्साहन म्हणून ४,९५० कोटी रुपये वेगळे ठेवले आहेत. जी कंपनी आपल्या हद्दीत जास्त पॅनेलं बसू देईल तिला बक्षीस. ग्राहक गमावण्याबद्दल विक्रेत्याला बक्षीस द्यावं लागणं, यातच बरंच काही आलं.

दुपारची वीज शेतात

दुपारी वीज उतू जाते म्हटलं, तर ती घेणारं कुणी आहे का? सोलापूर जिल्ह्यात आहे. उजनीच्या लाभक्षेत्रातला ऊस, पंढरपूर-सांगोल्याकडची डाळिंबं, द्राक्षं, आणि त्यांना पाणी देणारे शेतीपंप. वर्षानुवर्षं या पंपांना आठवड्यातले काही दिवस रात्रीच वीज मिळायची, कारण दिवसा ती कारखान्यांना लागायची. शेतकरी बॅटरी हातात धरून, सापाकिरड्याच्या भीतीत रात्री दारं धरायला जायचा. त्याची तक्रार रास्तच होती, पण ग्रिडच्या दृष्टीने रात्रीचा शेतीपंप सोयीचा होता. आता गणित उलटं झालं आहे. ग्रिडलाच दुपारी गिऱ्हाईक हवं आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० याच जागी बसते. उपकेंद्राच्या आसपास पडीक जमिनीवर सौर प्रकल्प उभे करायचे आणि त्यांची वीज थेट शेतीच्या फीडरवर सोडायची. करारांचे दर युनिटला साधारण २ रुपये ८० पैसे ते ३ रुपये १० पैसे आहेत. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल एप्रिल २०२४ पासून राज्य सरकारच भरतं. म्हणजे पंपाला लागणारी वीज स्वस्त झाली की सरकारी तिजोरी वाचते, आणि कारखान्यांकडून शेतीसाठी काढावा लागणारा वरकड पैसाही हळूहळू कमी करता येतो. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्या कारखानदारांनी याकडे लक्ष ठेवायला हरकत नाही. त्यांच्या दरात शेतीपंपाचा वाटा अनेक दशकं मिसळलेला आहे.

शेतातली सौर वीज आणि छतावरची सौर वीज यांत कंपनीला मात्र मोठा फरक वाटतो. शेतातली ती तीन रुपयांनी विकत घेते. छतावरची, बंगल्याच्या बहुतेक युनिटांच्या बाबतीत, २०२४-२५ च्या दराने साडेअकरा ते पावणेसोळा रुपयांच्या मोबदल्यात घेते. सूर्य तोच.

पुढे काय बदलू शकतं

कंपनीपुढे तीन वाटा आहेत आणि तिन्ही काटेरी.

पहिली, स्थिर आकार वाढवायचा. खर्च ठरलेला असेल तर वसुलीही ठरलेली असावी, हे तर्काला धरून आहे. पण महिन्याला चाळीस युनिट वापरणाऱ्या म्हातारीलाही तो वाढलेला आकार लागेल. बंगल्याच्या पॅनेलची भरपाई तिच्याकडून. ही वाट मला तरी पटत नाही.

दुसरी, पॅनेलवाल्यांकडूनच जाळ्याचं भाडं घ्यायचं. २०१९ च्या नियमांतलं ते कलम हेच आहे. त्याचं नाव ग्रिड सपोर्ट चार्ज. राज्यात छतावरच्या संचांची एकूण क्षमता ५,००० मेगावॅट होईपर्यंत तो लावायचा नाही असं ठरलं, आणि १० किलोवॅटपर्यंत मंजूर भार असलेल्यांना त्यातून वगळलं. त्यामुळे तीन किलोवॅटच्या बंगल्याला तूर्त घाबरायचं कारण नाही. मात्र नियम बदलतात आणि पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं, हे दोन्ही लक्षात ठेवावं. संच विकणारा पहिली गोष्ट सांगत नाही.

तिसरी वाट वेळेची. दुपारच्या युनिटला दुपारचा भाव, रात्रीच्या युनिटला रात्रीचा. ज्या ग्राहकांना वेळेनुसार दर लागू आहे त्यांच्यासाठी नियमांत तरतूद आहेच: ज्या वेळी दिलं त्याच वेळच्या वापरातून आधी वजा करायचं, उरलेलं कमी मागणीच्या वेळेतलं समजायचं. पूर्वी कमी मागणीची वेळ म्हणजे मध्यरात्र असायची. २०२५ च्या सुरुवातीला महावितरणने पाच वर्षांच्या दरप्रस्तावात सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हे सौर तास स्वस्त धरायचं मांडलं, आणि पॅनेलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत धांदल उडाली: आमची दुपारची वीज आता रात्री वजा होणार नाही की काय? घरगुती ग्राहकांचं नेट मीटरिंग पूर्वीप्रमाणेच राहील असा खुलासा महावितरणला करावा लागला. कारखाने-दुकानांना मात्र घड्याळाकडे पाहावंच लागणार आहे.

घरगुती ग्राहकाच्या बाबतीत शिक्षेऐवजी आमिष वापरलं गेलं. जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी (वेळेनुसार वापर मोजणारं) मीटर असलेल्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत मिळू लागली आणि ती टप्प्याटप्प्याने एक रुपयापर्यंत नेण्याचं ठरलं. नोकरदार घराला याचा उपयोग कमी, कारण दुपारी घराला कुलूप असतं. विडी वळणाऱ्या घराला जास्त. तिथे दिवसभर माणसं घरात असतात, पत्रा तापलेला असतो आणि पंखा थांबत नाही. छत नसलं तरी उन्हाचा थोडा वाटा अशा घराला मिळण्याची ही पहिलीच सोय म्हणायची. त्यासाठी मीटर बदलून घ्यावं लागतं, आणि स्मार्ट मीटरबद्दल लोकांच्या मनात भरपूर संशय आहे, हा वेगळा विषय.

बॅटऱ्या स्वस्त झाल्या की चित्र पुन्हा बदलेल. दुपारची वीज घरातच साठवली तर ग्रिडवर कांदा टाकायची गरज राहणार नाही, पण मग बंगल्याला ग्रिडचीच गरज उरेल का, हा प्रश्न कंपनीला जास्त झोंबणारा आहे. मोठ्या प्रमाणावर साठवण्याचे जुने मार्गही आहेत. घाटघरचं २५० मेगावॅटचं केंद्र स्वस्त विजेच्या वेळी खालचं पाणी वर चढवतं आणि मागणीच्या वेळी सोडतं. असे आणखी प्रकल्प सह्याद्रीत आखले जात आहेत, पण ते उभे राहायला वर्षं लागतात.

तोवर पॅनेल बसवू पाहणाऱ्याने दोन साध्या गोष्टी कराव्यात. वापरापेक्षा मोठा संच घेऊ नये, कारण वर्षअखेर उरलेल्या युनिटना मिळणारा दर तुम्ही भरता त्या दराच्या जवळपासही नसतो. आणि जी कामं दुपारी करता येतील ती दुपारी करावीत: इस्त्री, वॉशिंग मशिन, पिठाची घरगुती चक्की, पाण्याची मोटर. यातली शेवटची सोलापूरकराच्या हातात नाही. काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी पहाटे येईल की रात्री, हे ठरवणारं कार्यालय वेगळं आहे, आणि त्याला वीज आयोगाचे सौर तास लागू नाहीत.